जेवत्या माणसावर नेम धरू नये

वन्सं, तो पहारेकरी अजून जेवतोच आहे.

काल दुपारी कॉम्प्युटर लावला. तुम्हाला जाऊन सतरा दिवस झाले, म्हटलं बघावं तरी. आपला तो बंदुकीचा खेळ काढला, त्यातला बर्फाच्या डोंगरातला चौथा टप्पा काढला, दुर्बिणीतून पाहिलं, तर गडी आहे तिथंच. शेकोटीजवळ ओंडक्यावर बसलाय. चमचा डब्यातनं तोंडाकडं, तोंडाकडनं डब्याकडं. ना डबा संपतो, ना त्याचं पोट भरतं. मी एकटीच हसले. मग चष्मा पुसला. मग कॉम्प्युटर बंद केला. गोळी काही घातली नाही. घालणार तरी कशी, तुमचा नियम!

हे कागदावर उतरवतेय म्हणजे उद्या कुणीतरी वाचणार, आणि वाचणाऱ्याला वाटणार म्हातारीचं डोकं फिरलं. म्हणून तुम्हाला ठाऊक असलेलंच पुन्हा सांगते. तुम्ही हौसाबाई, माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, मुक्काम आजरा. मी तुमची भावजय, कोल्हापूरच्या राजारामपुरीतली, हायस्कुलात गणित शिकवून रिटायर झालेली. दोघींचं मिळून वय दीडशे. आणि दोन वर्षं, जवळजवळ रोज, दुपारच्या चहाआधी, आपण दोघी एका लष्करी नेमबाजाच्या खेळात लपूनछपून परक्या मुलखातल्या शिपायांना टिपत होतो.

खेळ माझ्या नातीचा. पुण्याला नोकरी लागली तेव्हा तिनं जुना कॉम्प्युटर माझ्याकडं टाकला. त्यात कधीतरी सेलमध्ये घेतलेला आणि दोन दिवस खेळून सोडून दिलेला हा खेळ होता. "आजी, एकदम भंगार गेम आहे तो, त्याच्या नादी लागू नकोस," म्हणाली. भंगार होताच. शिपाई मेला की कधी कधी त्याचा एक पाय जमिनीतनं वर उभा राहायचा. एकजण तर भिंतीत अडकून जागच्या जागी चालत असायचा. आणि सगळ्यांचा चेहरा एकच. तेच नाक, तीच दाढी, सगळ्या छावणीभर.

तुम्हाला आठवड्यातनं दोनदा डायलिसिसला कोल्हापुरात यावं लागायचं. एसटीनं येऊन त्याच दिवशी आजऱ्याला परतणं झेपेना, तेव्हा मीच म्हटलं, राहा इथंच, हे गेल्यापासून घर नाहीतरी मोकळंच आहे. तुम्ही आलात, पिशवीभर घनसाळ तांदूळ घेऊन आलात, आणि भिंतीकडं तोंड करून झोपलात. दोन आठवडे आपलं बोलणं काय, तर "चहा?" आणि "व्हय." बास.

मी त्या वेळी पत्ते खेळायला म्हणून कॉम्प्युटर लावायची. एके दिवशी चुकून, खोटं कशाला, मुद्दामच, त्या बंदूकवाल्याच्या चित्रावर दाबलं. अर्ध्या तासात पहिला शिपाई पाडला. पाठीमागनं कॉटवरनं तुमचा आवाज आला.

"काय करालीस गं, मास्तरीण?"

"खेळ आहे, वन्सं."

"मग त्या माणसाला का मारलीस?"

"शत्रू आहे तो."

"कुणाचा?"

सुरुवातीला खेळात सगळं सांगितलं होतं, पण मी ते न वाचताच पुढं गेले होते. पोरांना आयुष्यभर 'आधी उदाहरण नीट वाचा' म्हणून ओरडलेली मी!

"आणि ह्यो कोण?"

"हाही शत्रूच."

"ह्यो तर त्योच की! आत्ता मेला न्हवं?"

"दुसरा आहे. चेहरा तेवढा सारखा आहे."

तुम्ही उठून बसलात. चष्मा लावलात. बराच वेळ बघितलंत. "म्हंजे भाऊ-भाऊ हायत," म्हणालात. "एका आईची समदी पोरं एकाच पलटणीत धाडल्यात. काय त्या माउलीचं काळीज म्हणायचं!" तेव्हापासून त्या सगळ्यांचं नाव म्हादू पडलं. म्हादू आला, म्हादू वळला, म्हादू जिन्यावर गेला. दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतःच खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसलात, पाय वर घेऊन.

त्या दोन आठवड्यांच्या गप्प बसण्याला कारण होतं, आणि ते कारण मी होते. आता ते सांगते. तुमच्या तोंडावर पन्नास वर्षांत सांगायला जमलं नाही.

तेव्हाची मी आठवली की तिच्या एक श्रीमुखात द्यावीशी वाटते. इस्त्रीची साडी, खांद्याला पर्स, बोलणं रेडिओवरच्या बातम्यांसारखं. लग्नाला वर्ष झालेलं, नोकरीला सहा महिने, आणि तोरा असा की राजारामपुरीच्या गल्ल्या हिनंच पट्टी लावून आखल्यात. तुमचा नवरा जाऊन तीन महिने झाले होते. तुमच्या भावानं तुम्हाला चार महिने राहायला म्हणून आणलं. तुम्ही आपल्याकडच्या बायका बोलतात तसं "मी जेवतो", "मी येतो" म्हणायचात, आणि ही टवळी तुम्हाला "येते म्हणावं वन्सं, येते" असं शिकवायची. नवरा गेलेल्या बाईला क्रियापदं शिकवत होती!

आठव्या दिवशी तुम्ही गावाकडनं आणलेला तांदूळ घेऊन गच्चीवर गेलात. सूप डोक्याएवढं उंच धरून वाऱ्याला द्यायला लागलात. कोंडा उडाला तो थेट खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर. बाई तणतणत वर आल्या. मीही मागनं पोचले. त्यांनी तुमच्याकडं बोट केलं, "या कोण?"

आणि मी म्हणाले, "ह्या ना, आमच्याकडे कामाला आल्या आहेत. गावाकडच्या."

तुमची पाठ होती माझ्याकडं. सूप क्षणभर थांबलं का? मला आजही ते छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. तुम्ही खाली आलात, तांदूळ डब्यात भरलात, आणि रात्री भावाला म्हणालात, "उद्या जातो मी. भात कापायला आलाय." शिमगासुद्धा झाला नव्हता, वन्सं. शिमग्याआधी कुठला भात कापायला येतो? तुमच्या भावाला हे कळायला हवं होतं, पण ते नोकरीच्या गडबडीत. आणि मला कळत नव्हतं म्हणा किंवा कळून घ्यायचं नव्हतं म्हणा. बरं झालं, असं मनात म्हणाले. तुम्ही गेलात ते पन्नास वर्षं मुक्कामाला आला नाहीत. लग्नाकार्यात भेटलात, काजू धाडलेत, माझ्या पोरांना झबली शिवलीत. मुक्काम नाही.

म्हणूनच दोन वर्षांपूर्वी तुम्ही येऊन कॉटवर भिंतीकडं तोंड करून झोपलात त्या दिवशीच मी ठरवलं की माफी मागायची. योग्य वेळ आली की मागायची.

आणि मग तो खेळ लागला. त्यात सगळं काम योग्य वेळेचंच. गोळी सरळ जात नाही, वारा तिला ढकलतो. पडद्याच्या कोपऱ्यात एक बाण असतो, वारा कुठून आणि किती ते सांगणारा. मी मास्तरीण पडले. वही घेतली, अंतर लिहिलं, बाणाजवळचा आकडा लिहिला, त्रैराशिक मांडलं. गोळी झाडाला. पुन्हा मांडलं. त्याच झाडाला.

"त्यो बाण हितला वारा सांगतोय," तुम्ही म्हणालात. "मरणारा तिकडं हाय. तिकडच्या चुलीचा धूर बघ की."

बघितलं तर खरंच, तिकडं धूर उलट्या दिशेनं वाकलेला.

"दोन बोटं डावीकडं धर. आता न्हाय. थांब. थांब म्हटलं न्हवं? वारं एकसारखं नसतंय, मधी दम खातंय. भाताला वारं पायजे, तवा वारं असताना वतायचं. गोळीला नकोय, तवा उलटं कर. त्यानं दम खाल्ला की सोड... हं!"

म्हादू पडला. मी टाळ्या वाजवल्या. तुम्ही तोंड फिरवलंत. गोळी जाताना खेळ तिच्या मागोमाग हळूहळू नेऊन सगळं दाखवतो, ते तुम्ही एकदाही बघितलं नाहीत. "लागली न्हवं? मग फुडं चल," एवढंच.

हळूहळू आपली वाटणी ठरली. माऊस तुमच्या हातात, कारण माझा हात थरथरतो. चालायची बटणं आणि श्वास धरायचं बटण माझ्याकडं. ते बटण दाबलं की मी खरोखरच श्वास धरायची, गालफडं फुगवून. "तू कशाला धरतीस? त्यो धरील की," तुम्ही म्हणायचात. "मास्तरीण मरंल हितं, आणि पोलीस मला इचारतील." दोघी हसायचो, आणि तेवढ्यात म्हादू आपल्यालाच टिपायचा.

आणि मग तो चौथा टप्पा. हे गेल्यावर या घरात पहिल्यांदा आवाज चढले असतील तर ते या जेवणाऱ्यावरनं. मी दुर्बीण लावली, बटण दाबलं, श्वास धरला. तुम्ही माऊसवरनं हात काढून घेतलात.

"त्यो जेवालाय."

"मग?"

"मग काय? जेवत्या माणसावर नेम धरू नये. घास खाऊ दे त्याला."

थांबलो. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मी चहा करून आणला. तो जेवतच होता. तुम्ही म्हणालात, थंडीचा मुलूख, भूक लागत असंल. आपण बिस्किटं खाल्ली. तो जेवतच होता. तासाभरानं माझ्या टाळक्यात प्रकाश पडला की खेळ करणाऱ्यांनी त्याला तेवढंच शिकवलंय. चमचा वर, चमचा खाली. तो उठणार नाही.

"वन्सं, त्याचं जेवण संपतच नाही. तसा बनवलाय त्याला."

"मग तर न्हाईच मारायचा."

"अहो, तो खरा नाहीये! त्याला मारल्याशिवाय पूल ओलांडता येत नाही!"

"खरा न्हाय तर मग मारायची घाई कशापायी?"

मी खूप वाद घातला. खेळाचे नियम सांगितले. नातीला फोन लावला, ती म्हणाली, "आज्यांनो, मारा त्याला, प्लीज." तुम्ही हलला नाहीत. शेवटी तुमच्या हट्टापायी आपण पूल सोडला आणि खालच्या ओढ्यातनं, छावणीला वळसा घालून गेलो. तीन आठवडे लागले. किती वेळा मेलो, देव जाणे. पण गेलो, आणि पलीकडं पोचलो तेव्हा तुम्ही मला अशी थाप मारलीत की चष्मा पडला. "बघ! रस्ता असतोय. बघाय पायजे."

त्याच वाट बघण्यात मी माफी मागायचा पहिला प्रयत्न केला होता. म्हादू जेवत होता, आपण चहा पीत होतो, मला वाटलं, आता.

"वन्सं, एक विचारू? तुम्ही तेव्हा आठ दिवसांत गावाला का गेलात?"

"कवा?"

"ते... मी नवीन होते तेव्हा."

तुम्ही कपातला शेवटचा घोट घेतलात. "भात कापायचा हुता," म्हणालात, आणि पडद्याकडं बोट केलंत. "त्यो उठतोय बघ."

उठत नव्हता. आणि माझी वेळ गेली.

दुसरा प्रयत्न तुमच्या शेवटच्या महिन्यातला. तुम्हाला बसवत नव्हतं. तुम्ही कॉटवर पडून, डोळे मिटून, मला हुकूम सोडायचात.

"धूर कुठं चाललाय?"

"उजवीकडं."

"दाट का पातळ?"

"पातळ. मधेमधे तुटतोय."

"मग एकच बोट. घाई करू नकोस."

माझा थरथरता हात, तुमचे मिटलेले डोळे, आणि गोळी लागली. सगळ्या खेळातली सर्वांत लांबची. मी वळले, तुमच्या पायाशी बसले आणि म्हणाले, "वन्सं, माझ्या मनात एक फार वर्षांचं आहे."

"लागली न्हवं?"

"लागली."

"मग आता निजू दे मला. तूबी टेक जरा."

मी टेकले. पुढच्या आठवड्यात तुम्ही गेलात. आयुष्यभर मुलांना पहिल्या बाकावर उभं करून "चुकलं माझं" असं मोठ्यानं म्हणायला लावणारी मी, दोन वर्षं शेजारी बसून ते दोन शब्द तोंडातनं काढू शकले नाही.

पण वन्सं, आज रडायला बसले नाही मी. त्या दोन वर्षांत तुम्ही मला काय दिलंत ते मला सांगायचंय. हे गेल्यावर मी एकवेळचा स्वयंपाक दोन वेळा खायची. तुम्ही आलात आणि तुमच्या पथ्याचं वेगळं, माझं वेगळं असं करता करता चूल पुन्हा दोनदा पेटली. डायलिसिसहून आलात की हातापायातलं बळ जायचं, तरी डोळ्यात मात्र "आज कुठवर जायचं?" असायचं. या वयात कुणीतरी आपली वाट बघतं, तेही बंदूक घेऊन, हे किती बायकांच्या नशिबात असतं? मी आयुष्यभर घाईत होते. बस पकडायची, पेपर तपासायचे, पोरं उठवायची. थांबायचं कसं ते मला तुम्ही शिकवलंत. एकही क्रियापद न सुधारता शिकवलंत.

आता बाराव्याचं सांगते. तुम्ही तिथं नव्हतात, म्हणजे होतात म्हणा, पण दिसत नव्हतात.

आजऱ्याला तुमच्या पुतण्यानं सगळं नीट केलं. जेवणं झाली, आणि पान खात खात भावकीतले एक आप्पा बोलायला लागले. "भावजय असावी तर अशी! दोन वर्षं नणंदेला घरात ठेवून केलं तिचं. सख्खी बहीण करायची न्हाई." सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला तो हात सोसेना. गप्प बसले असते तर कोण विचारणार होतं? पण वाटलं, वन्सं, आता वारं थांबलंय.

मी उभी राहिले. हात जोडले. म्हणाले, "मला चांगलं म्हणू नका." आणि गच्चीवरचं सगळं सांगितलं. सूप, कोंडा, डॉक्टरीणबाई, आणि मी म्हणालेलं ते वाक्य, जसंच्या तसं. "त्यांच्या तोंडावर सांगायचं धाडस झालं नाही. तुमच्यासमोर सांगते. चुकलं माझं."

आणि मग कोपऱ्यातनं तुमच्या शेजारच्या बायाक्का, तोंडात एकही दात नाही, पण आवाज असा की शिवारभर जावा, म्हणाल्या, "आमाला ठाव हाय की त्ये!"

"काय ठाऊक आहे?"

"ह्येच. कामवालीचं."

आणि वन्सं, त्या उठल्या. पदराचं टोक खांद्यावर पर्ससारखं टाकलं, मान मागं घेतली, नाक आढ्याकडं केलं, आणि बातम्या सांगितल्यासारखं म्हणाल्या, "ह्या नाऽऽ, आमच्याकडे कामाला आल्या आहेत!"

बायकांनी तोंडाला पदर लावले. हसू दाबताना कुणाच्या बांगड्या वाजल्या. मी उभीच.

"हौसा करून दावायची," बायाक्का म्हणाल्या. "दर साली, भाताच्या लावणीला. गुडघाभर चिखलात हुबी ऱ्हाऊन. आमी तरव्याच्या रोपांच्या पेंढ्या टाकून पोटं धरायचो."

"त्यांनी ऐकलं होतं?"

"बहिरी हुती व्हय ती?"

"रागावल्या नाहीत?"

बायाक्का खाली बसल्या. "पयल्या लावणीला सांगताना रडली," म्हणाल्या. "लई रडली. दुसऱ्या लावणीला सांगाय लागली, तुझं नाक कसं हुतं त्ये दावाय लागली, आणि मधीच तिलाच हसू फुटलं. तवापास्नं कुणी थकलं की म्हणायचं, हौसा, मास्तरीण कर."

मास्तरीण कर! म्हणजे वन्सं, पन्नास वर्षं मी आजऱ्याला येत होते, काठापदराची साडी नेसून पंगतीत बसत होते, आणि मला वाढणाऱ्या प्रत्येक बाईला सगळं ठाऊक होतं. आणि तरी कुणी माझ्या पानात भात कमी वाढला नाही. आग्रह कमी केला नाही. तुम्हीच तसं करू दिलं नसणार. मी इकडं माफीची वेळ शोधत बसले, आणि तुम्ही तिकडं केव्हाच ते दुखणं चिखलात उभं राहून, हसून, सगळ्या बायांना वाटून टाकलं होतं. त्या नकलेवर किती वाफे लावून झाले असतील!

मला राग यायला हवा होता का? आला नाही. मला वाटलं हुंदका फुटतोय. हसू होतं.

"बायाक्का, परत एकदा करून दाखवा," मी म्हटलं.

त्यांनी केली. पुन्हा पदर, पुन्हा मान, पुन्हा नाक. आता बायका मोकळ्या हसल्या, आप्पांचं पान तोंडातच राहिलं. नक्कल चांगली होती, पण वन्सं, तुमची सर नसणार, कारण माझा तेव्हाचा तोरा काही त्यांना जमत नव्हता. त्यांनी मला तेव्हा बघितलंच नव्हतं ना.

"नाही, असं नव्हे," मी म्हटलं. "इतकी साधी नव्हते मी. सरका जरा."

आणि पदर खांद्यावर टाकून मीच मधोमध जाऊन उभी राहिले.